45 हजारांचा क्लास की आईचे बिबडे?

प्रश्न : ताई, मी अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. वय 24, बी.कॉम. झालोय. जवळच्या कृषी केंद्रात हिशेब लिहितो, महिन्याला 11 हजार मिळतात. जळगावच्या एका क्लासने डिजिटल मार्केटिंगच्या सहा महिन्यांच्या कोर्सची फी 45 हजार सांगितली, वर ‘शंभर टक्के प्लेसमेंट’. वडील म्हणतात, सोसायटीचं कर्ज फिटलं नाही अन् हे काय नवीन. मित्र म्हणतो, क्लास सोड, छोटा धंदा टाक, त्यातच शिकशील. आई आणि काकू दर उन्हाळ्यात बिबडे, म्हणजे आपले ज्वारीचे पापड, करतात, सुरतला मामाकडे दर वर्षी डबा जातो. मागच्या उन्हाळ्यातले अडीच किलो अजून घरात आहेत. पण पापड विकून डिजिटल मार्केटिंग येतं का? आणि गावात लोक हसतील ते वेगळंच. काय करू?

उत्तर : भाऊ, तुझ्या पत्रातला सगळ्यात कामाचा शब्द ‘मामा’ आहे, आणि तू तो सहज लिहून पुढे निघून गेलास. त्याच्याकडे वळतेच, पण आधी त्या 45 हजारांचं बघू.

तुझा चार महिन्यांचा पगार होतो तो, जळगावचं जाणं-येणं आणि बुडालेले दिवस न धरता. सगळेच क्लास फसवे असतात असं मी म्हणणार नाही. चांगला शिकवणारा भेटला तर वर्षभराचं चाचपडणं वाचतं. मात्र पैसे भरण्याआधी त्यांना एवढंच विचार : शिकताना आम्ही खऱ्या पैशांची खरी जाहिरात चालवणार का, आणि सरांनी स्वतः चालवलेल्या एखाद्या जाहिरातीचे आकडे आम्हाला दाखवणार का? दोन्हीला सरळ ‘हो’ आलं तर विचार कर. ‘ते पुढच्या मॉड्यूलमध्ये’ असं आलं तर चहा पिऊन परत ये. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’वाल्यांकडे मागच्या बॅचच्या दोन मुलांचे फोन नंबर माग. चेहऱ्यावरूनच उत्तर कळेल.

आणखी एक. या धंद्यातली बटणं सारखी जागा बदलतात. गूगलवर जाहिरात द्यायच्या ॲडवर्ड्सचं नाव 2018 साली गूगल ॲड्स झालं. 1 जुलै 2023 ला वेबसाइटवर कोण आलं-गेलं ते मोजणारं गूगलचं जुनं ॲनालिटिक्स बंद पडलं, आणि ज्यांनी त्याचे मेनू पाठ केले होते त्यांना पुन्हा पहिलीपासून गिरवावं लागलं. बटणं कुठे आहेत ते शिकायला गूगलचं स्किलशॉप आणि मेटाचं, म्हणजे फेसबुकवाल्या कंपनीचं, ब्लूप्रिंट हे ऑनलाइन धडे फुकट आहेत. इंग्रजी थोडं अडेल, पण बी.कॉम. माणसाला जमेल. सुरतच्या मामीने तुझा मेसेज वाचून उत्तर का दिलं नाही, हे मात्र तिथे कोणी शिकवत नाही.

ते मी कसं शिकले ते सांगते. काही वर्षांपूर्वी मी आणि माझ्या जाऊबाई मिळून घरचा काळा मसाला विकायला निघालो होतो. मी शिकलेली, म्हणून ‘ऑनलाइनचं’ माझ्याकडे. छान फोटो टाकला आणि 3 हजार रुपये भरून पोस्ट बूस्ट केली, म्हणजे ती जास्त लोकांना दिसावी. ठिकाण कोणतं, तर अख्खा भारत. का? तर जितके जास्त लोक तितकं बरं, असं मला वाटलं. लाइक सहाशेच्या वर गेले. मी दर तासाला फोन बघायची आणि घरात आकडा सांगायची. इनबॉक्समध्ये ‘हाय डियर’वाले अकरा जण आले, मसाल्याचं गिऱ्हाईक एकही नाही. त्याच आठवड्यात जाऊबाईंनी भिशीत बायकांना मसाल्याचा नुसता वास दिला आणि चार किलो खपवून आल्या. त्यांना ‘टार्गेट ऑडियन्स’ हा शब्द आजही माहीत नाही. मला तो शब्द माहीत होता, पण त्याचा अर्थ, म्हणजे माल नेमका कोणाला दाखवायचा, 3 हजार गेल्यावर कळला.

तेव्हा मित्राच्या बाजूने माझं मत. बिबडे विक. पण ‘धंदा टाकतोय’ म्हणून नको. 5 हजार रुपये बाजूला काढ आणि ही शिकण्याची फी आहे, बुडाली तरी रडायचं नाही, असं आधीच ठरव. कर्ज काढून नाही, तुझ्या पगारातून. हे वडिलांनाही तसंच सांग. 45 हजारांना नाही म्हणणारा बाप 5 हजारांना हुं तरी म्हणेल.

आता मामा. तुझं गाव सुरत-भुसावळ रेल्वेमार्गाच्या पट्ट्यात आहे. याच गाडीने पिढ्यान्‌पिढ्या आपली माणसं सुरतच्या कापड गिरण्यांत, लूमवर, डाइंगमध्ये कामाला गेली. उधना, लिंबायत, पांडेसरा, तिकडच्या गल्ल्यांत आजही अहिराणी ऐकू येते. कानबाई बसते, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोके बांधतात. या माणसांना बिबडा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. फ्लॅटच्या गॅलरीत तो वाळवता येत नाही, एवढीच त्यांची अडचण. तुझं पहिलं गिऱ्हाईक तिथे आहे, पुण्या-मुंबईचा ‘मिलेट’ खाणारा वर्ग नंतर.

म्हणून ते अडीच किलो विकू नकोस. शंभर-शंभर ग्रॅमच्या पुड्या कर आणि मामाकडे पाठव, वानवळा म्हणून. मामीला सांग, तिच्या गल्लीतल्या खान्देशी घरांत वाट. पुडीवर खरं लिही : मागच्या वैशाखातले, नवीन होळीनंतर येणार. खाली तुझा व्हॉट्सॲप नंबर आणि एक ओळ : ‘हा नंबर सेव्ह करा, नवीन झाले की कळवतो.’ ही ओळ फार महत्त्वाची आहे. व्हॉट्सॲपवरची ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच मेसेज एकदम पुष्कळांना पाठवायची यादी, ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचते. न सेव्ह केलेल्या दोनशे नंबरांच्या यादीपेक्षा सेव्ह केलेले वीस बरे. यासाठी व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळं ॲप घे, तेही फुकट. त्यात कॅटलॉग करता येतो आणि गिऱ्हाइकांना लेबलं लावता येतात : ‘विचारलं’, ‘घेतलं’, ‘पुन्हा घेतलं’. मोठमोठ्या कंपन्या ज्या सॉफ्टवेअरवर लाखो रुपये घालतात, त्याचं मूळ काम याहून फार वेगळं नसतं.

मग शब्दांकडे लक्ष दे, कारण यातलं सगळ्यात गोड शिकणं तिथेच आहे. ‘बिबडे’ हा शब्द खान्देशाबाहेर फारसा कोणाला माहीत नाही. कोणी बिबड्या म्हणतं, कोणी बिबडी, आणि इंग्रजी अक्षरांत तर चार तऱ्हांनी लिहितात. पुण्याची बाई शोधेल ती ‘ज्वारीचे पापड’. म्हणजे तुझ्याकडे माल एक, पण गिऱ्हाइकं दोन आणि नावं दोन. सुरतच्या जाहिरातीत नुसतं ‘बिबडे’ लिही. तो शब्दच चाळणीचं काम करतो, ज्याला कळला तोच थांबतो. मेटाच्या जाहिरातीत भाषा मराठी निवडायची सोय आहे, पण आपल्या पुष्कळ लोकांचा फोन इंग्रजीत असतो, त्यामुळे त्या खिडकीवर विसंबू नकोस. वर अहिराणीत एक ओळ घाल, ‘मायना हातना बिबडा’, आणि बघ उधन्यात अंगठा थांबतो की नाही. पुण्यासाठी मात्र ‘ज्वारीचे पापड, खान्देशी पद्धतीचे’ असं लिहून खाली कसे भाजायचे, कशाबरोबर खायचे ते सांगावं लागेल. लोक गूगलवर कोणता शब्द किती शोधतात ते दाखवणारं गूगल ट्रेंड्स उघडून दोन्ही शब्द टाकून बघ. क्लासमध्ये याला ‘कीवर्ड रिसर्च’ म्हणतात आणि त्याचे दोन तास घेतात.

फोटोबद्दल थोडं. पांढऱ्या कागदावर ठेवलेल्या पाकिटाचा फोटो नको, तसे हजार आहेत. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात खाटेवर पसरलेल्या कपड्यावरच्या बिबड्यांचा काढ, अर्धे ओले, अर्धे सुकलेले, कडा वर उचलायला लागलेल्या. तीळ दिसू दे. किंवा भाजलेल्या बिबड्याशेजारी कच्चे शेंगदाणे, चिरलेला कांदा आणि तेलाचा थेंब. उधन्यात बसलेल्या माणसाच्या तोंडाला तिथेच पाणी सुटतं. व्हिडिओ काढलास तर आईच्या हातांचा, थापतानाचा, 20 सेकंदांचा, वर गाणं न लावता. रोज रील टाकायची सक्ती स्वतःवर करू नकोस. आठवड्याला दोन पुष्कळ झाले. उरलेला वेळ लोकांच्या प्रश्नांना उत्तरं दे.

आणि वही. तू हिशेबनीस आहेस, हे तुझं नशीब. शंभर पानी वही घे आणि दर विचारणेला एक ओळ : तारीख, नाव, गाव, काय विचारलं, घेतलं की नाही, आणि शेवटी ‘कुठून कळलं’. हा शेवटचा रकाना कधी रिकामा ठेवायचा नाही. ‘काकू, आमचं तुम्हाला कोणी सांगितलं?’ हे विचारायला लाजू नकोस, लोक आनंदाने सांगतात. महिन्याभराने वही चाळशील तेव्हा दिसेल की तू ज्या पोस्टवर दोन तास घालवलेस तिथून कोणी आलं नाही, आणि मामीच्या शेजारणीने सात जण आणले.

वानवळ्यातून दहा-बारा घरं मिळाली की मगच पैशांची जाहिरात. ती कशी शिकवते ते आकड्यांत दाखवते, आकडे कल्पनेतले आहेत. समज, उधन्याच्या आजूबाजूच्या काही किलोमीटरवर रोज 200 रुपयांची, थेट व्हॉट्सॲपवर मेसेज आणणारी जाहिरात पाच दिवस चालवलीस. 1000 रुपये झाले, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1180. मेसेज आले 30. विचारलं काय, तर ‘बिबडा कसा किलो शेतस?’ तू भाव सांगितलास आणि 24 जण गप्प झाले. घेतलं सहा जणांनी, एकेक किलो. म्हणजे एक गिऱ्हाईक 197 रुपयांना पडलं. किलोमागे तुझे सुटतात 110. सव्वापाचशेच्या आसपास तोटा!

इथे दहातले नऊ जण म्हणतात, ऑनलाइनमध्ये काही खरं नाही. तू वही उघड. ते 24 जण भाव ऐकून गेले, मग भाव आधीच फोटोवर का नव्हता? पुढच्या वेळी फोटोवर ठळक किंमत आणि ‘सुरतपर्यंत पोच धरून’ असं लिही. मेसेज कदाचित बाराच येतील, पण येतील ते घेणारे येतील आणि तुझी उत्तरं देण्यात संध्याकाळ जाणार नाही. दुसरं, त्या सहांपैकी तिघांनी आखाजीच्या आधी पुन्हा मागवलं, तर त्या वेळी जाहिरातीचा खर्च शून्य. पहिल्या खेपेचा तोटा कितव्या खेपेला भरून निघतो, हे ज्याला स्वतःच्या वहीतून सांगता येतं त्याला हे काम येतं, असं मी समजते. एका वेळी एकच गोष्ट बदल, एवढं मात्र पाळ. फोटो, भाव आणि गाव तिन्ही एकदम बदललंस तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

वेबसाइट आत्ता नको. अमळनेरात तू स्वतः घरपोच देणार असशील तर गूगलवर बिझनेस प्रोफाइल काढ. घरचा पत्ता लपवून नुसता परिसर दाखवता येतो. नाही तर तेही राहू दे.

आता ज्या माणसाचा तुझ्या पत्रात एकच उल्लेख आहे, तिच्याबद्दल. आईला विचारलंस का?

मी विचारते कारण मला ते काम माहीत आहे. ज्वारी तीन दिवस भिजत घालायची, उपसून कांडायची-चाळायची, पहाटे चारला उठून मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा, हात दुखेपर्यंत घोटायचा. लसूण-मिरची-जिऱ्याचा वास सुटला की गल्लीतली पोरं वाट्या घेऊन घाटा मागायला येणार, त्यांना द्यायचा. मग ऊन चढायच्या आत ओल्या कपड्यावर थापायला बसायचं. त्याला चार बायका लागतात. आज त्या तुमच्याकडे येतात, परवा तुझी आई त्यांच्याकडे जाते. घरच्यापुरतं हे ठीक आहे. पण ज्या दिवशी तू बिबडे विकायला लागशील, त्या दिवशी शेजारणीचा हात फुकटचा राहत नाही. मजुरी द्यावी लागेल, आणि नाही दिलीस तर कोणी तोंडावर बोलणार नाही, फक्त पुढच्या वर्षी कोणी येणार नाही. आई आणि काकूचीही मजुरी धर. किलोमागे 110 सुटतात असं वर मी म्हटलं ते ही मजुरी वजा करून. पुष्कळ घरगुती उद्योग नफ्यात दिसतात, कारण आईचा पगार कोणी लिहिलेला नसतो. तसा हिशेब तू लिहिलास तर तू कच्चा हिशेबनीस.

आणि आईला विचारूनच आकडा ठरव : यंदा विकायला 30 किलो, समज. ते संपले की जाहिरात त्याच दिवशी बंद कर. चालू जाहिरात बंद करायला हात धजत नाही, मला ठाऊक आहे. ‘संपले, पुढच्या वर्षी पहिला फोन तुम्हाला’ असं ज्याला सांगितलंस तो माणूस तुझ्या यादीत राहतो. घाईत ढगाळ दिवसाचे, नीट न वाळलेले बिबडे ज्याला पाठवलेस, तो कायमचा जातो आणि गल्लीत सांगून जातो.

कागदपत्रांचं थोडक्यात. खाण्याची वस्तू विकायची तर घरगुती असली तरी अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. छोट्यांसाठी ती सोपी आहे, सरकारच्या फॉस्कॉस या साइटवर होते. 14 आकडी नंबर येतो, तो पाकिटावर छाप. सोबत वजन, घटक, केल्याची तारीख, किती दिवस टिकतात, किंमत आणि हिरवा ठिपका. वानवळा वाटून झाला की विक्रीआधी हे उरकून घे. सुरत दुसऱ्या राज्यात आहे, आणि राज्याबाहेर माल विकताना जीएसटीचे नियम निराळे असतात. पापडावर कर नाही, पण उद्या मसालाही विकावासा वाटेल. तू लेखा शिकलायस, तरी तुमच्या केंद्राच्या सीएला एकदा विचारून घे. पॅकिंगला पुठ्ठ्याचा खोका वापर, नुसत्या पिशवीत पाठवलेस तर सुरतला चुरा पोचेल.

लोक हसतील म्हणतोस. हसतील ना. ‘बी.कॉम. झाला अन् पापड विकतो’ हे वाक्य मी तुला आत्ताच लिहून देते, म्हणजे पहिल्यांदा कानावर आलं तर नवीन वाटायचं नाही. हसणाऱ्यांपैकी एकाचं किराणा दुकान असेल, एकाचं गाड्या धुण्याचं सेंटर. जून लागला की कृषी केंद्रात तुला मान वर करायला वेळ मिळणार नाही, तोवर होळीपासूनचे तीन महिने तुझे. त्यानंतर कोणी विचारलं, ‘आमच्या दुकानाचंही तेवढं टाक ना फोनवर,’ तर फुकट करू नकोस. छोटी का होईना, रक्कम सांग. आणि कुठे नोकरीच्या मुलाखतीला गेलास तर सर्टिफिकेट असेल तर खाली ठेव, वर ती वही ठेव. 1180 कुठे गेले आणि कसे परत आले, ते समजावून सांग.

क्लासचं दार काही बंद होत नाही. एक हंगाम करून मग गेलास, तर सरांना विचारायला तुझ्याकडे खरे प्रश्न तरी असतील.

नवीन बिबडे झाले की एक किलो मला पाठव. भाव आधी सांग, ‘ताईंकडून काय पैसे घ्यायचे’ असलं काही मनात आणू नकोस. आणि वहीत माझ्या नावापुढे ‘कुठून कळलं’ तिथे लिही : पत्र.